तोंड कुणाच्या खात्यात

९ नोव्हें.
चौथीच्या वर्गात शिकवताना कळ थेट कानापर्यंत. खालची दाढ. मुलांना शुद्धलेखन घालून खिडकीशी उभी राहिले. पाचवा महिना, गोळी कुठली चालेल कोण सांगणार? घरी आल्यावर सासूने, मांयने, लवंग दिली. "पोटात पोर रवला की दात जातत गो. माका चार पोरां, चार दात गेले." मांयने हे इतक्या शांतपणे सांगितलं की दाढेपेक्षा त्याचाच राग आला.

१२ नोव्हें.
आरोग्य केंद्र. गरोदर बायकांची तपासणी. वजन, बी.पी., रक्त, बाळाचे ठोके. सगळं नॉर्मल. दाढ दुखते म्हटलं तर डॉ. बाईंनी तोंडात पाहिलंसुद्धा नाही. "दातांचं इथे नसतं. मालवणला दाखवा." म्हणजे मानेच्या वर मी यांची पेशंट नाही.

१४ नोव्हें.
अर्धी रजा. मालवण. दातांचे डॉ. म्हणाले, बाळंतपण झाल्यावर या. तोपर्यंत मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. का, विचारलं.
"उद्या बाळाला काही झालं तर तुम्ही माझ्याच दारात येणार. तुमच्या डॉक्टर हो म्हणाल्या तर बघू."
निदान खरं बोलला. नवरा तारकर्लीला, टुरिस्टांच्या बोटीवर. फोनवर म्हणाला, डॉक्टर सांगतत तर थांब मां. मी फोन ठेवून दिला.

१८ नोव्हें.
गाल सुजलाय. डॉ. बाईंना विचारायचं तर तपासणीचा वार पुढच्या महिन्यात. पेज एका बाजूने. चर्चमध्ये प्रत्येकीकडे एक औषध, आणि प्रत्येकीचा एखादा दात असाच गेलेला. कुणालाच त्याचं काही नाही!

२१ नोव्हें.
ताप. तोंड उघडेना. मांयने रिक्षा बोलावली. केंद्रात नर्स म्हणाली, आज तपासणीचा वार नाही. मांय सरळ आत. आधी ऑफिसातली मराठी: "डॉक्टर, हिला बघा." डॉ. बाई पुन्हा मालवणचं सांगू लागल्या तशी ती मालवणीवर आली.
"बाय, पोटातला पोर जेवता खंयसून? ह्याच तोंडातसून मां? मगे पोट तुमचा आणि तोंड कोणाचा?"
मांय, हसतानाही तोंडावर हात धरणारी बाई. आज जबडा उघडून हिरड्या दाखवल्या. "माझे असेच गेले. तेव्हा मी देवाची इच्छा म्हटलंय. देवाची नाय ती."
डॉ. बाईंनी आमच्यासमोर मालवणला फोन लावला. "पाचवा महिना आहे, भूल देऊन काढा, हरकत नाही. इन्फेक्शन जास्त धोक्याचं."
म्हणजे माहीत होतं. १२ तारखेलाही माहीत होतं.

२२ नोव्हें.
दाढ काढली. पू पुष्कळ. खुर्चीत असतानाच बाळ हललं. डॉ.चा हात हलका आहे, हे लिहायला हवं.

१० डिसें.
तपासणी. बाकावर सहज विचारलं, कुणाचा दात दुखतो? एकीने गाल दाखवला, मग दुसरीने. शिरोड्याहून माहेरी आलेली एक, तिच्या मुलीच्या पुढच्या दातांची काळी खुंटं. पोळी चावत नाही. आईला कुणीतरी सांगितलंय, दुधाचेच, पडतील.
डॉ. बाईंना म्हटलं, दातांच्या डॉ.ना महिन्यातून एकदा याच वारी इथे बसवा.
"वरून ऑर्डर लागते."
मांय: "त्या दिसा खंय होती ऑर्डर?"
डॉ. बाईंनी फोन पुढ्यात ओढला. मग, "विचारते त्यांना."

१४ जाने.
दातांचे डॉ. आले! व्हरांड्यात प्लॅस्टिकची खुर्ची. आया, पोरं, सगळ्यांची तोंडं पाहिली. शिरोड्याची मुलगी मात्र परत गेलेली. तिच्या आईचं माहेर कुठल्या घरचं, बाकावर कुणालाच ठाऊक नाही.

११ फेब्रु.
आज आले नाहीत. जमलं नाही म्हणे. बाकावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या, मीच शब्द दिल्यासारख्या. मांय उठेना. शेवटी डॉ. बाई स्वतः बॅटरी घेऊन आल्या. चिडलेल्या होत्या, पण आल्या. "मला फक्त बघता येईल. काढता येणार नाही." एकेकीला बघितलं. दोघींना उद्याच मालवणला जायला सांगितलं, एकीचा सातवा. तिथे हात लावतील का, विचारलं.
"सांगता येत नाही."
मी जाणार त्यांच्याबरोबर. नवरा म्हणतो, आठवो म्हयनो, खंय फिरतंस. मांय म्हणते, मी पण येतंय.