हातातल्या बॅगेत गळ चालत नाही

पप्पा, तुमच्या सातारच्या दोस्तावर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. तुमच्या दहाव्याला हा माणूस आला होता, नदीच्या घाटावर एका बाजूला उभा राहिला, कुणाशी बोलला नाही आणि निघून गेला. त्यानंतर ना फोन, ना दिवाळीचा मेसेज. आणि ह्या श्रावणात भर दुपारी आपल्या आष्ट्याच्या घरासमोर रिक्षा थांबते, आणि काका काठी टेकत उतरतात. मिरजेला गुडघे दाखवायला आले होते म्हणे, दोन्ही बदलायचेत, आणि तिथनं थेट इकडं. आईनं पाण्याचा तांब्या दिला तर तो हातातच धरून मला म्हणाले, "पोरी, तुला मोबाईलवर विमानाची तिकिटं काढता येत्यात न्हवं? दोन काढ. तुझं नि माझं. काश्मिरात पार वर, गुरेझला जायचं. तुझ्या बापानं मासा धरला तिथं. रेल्वेनं न्हाई जमायचं, हे गुडघं तीन दिवस दुमडून बसायचं न्हाईत. स्वस्तातलं बघ पण. पेन्शनवाला माणूस हाय मी."

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? ज्या माणसानं तुमचा मासा भर मांडवात खोटा पाडला, तोच मला तो मासा दाखवायला न्यायला निघालाय.

तुमचा तो मासा आमच्या घरात माणसासारखा राहिलाय, पप्पा. तुम्ही फौजेतनं सुट्टीवर आलात की ट्रंक उघडायच्या आधी तो बाहेर पडायचा. ट्राउट जातीचा, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, हातभर. अंगावर लाल ठिपके आणि एकेका ठिपक्याला पांढरी कड. चौकीच्या खालच्या नदीत, हाडं गोठतील असल्या पाण्यात, तुमच्या गळाला लागला. मग कुणीतरी विचारायचंच, "चवीला कसा हुता?" तुम्ही म्हणायचात, "सोडला की." झालं. समोरचा माणूस ओठ दाबून दुसरीकडं बघायचा. हातभर मासा, उपाशी फौजी, आणि सोडला? मी लहान होते तोवर मला ते पटायचं, कारण मी तुमच्याबरोबर कृष्णेवर गेलेली होते. पहिला मासा नदीचा, ही आपल्या आज्जाची रीत. मरळ लागो की बोटभर काहीतरी, पहिला परत पाण्यात. दुसऱ्यापासनं आपलं कालवण.

तुमचा मार मी एकदाच खाल्लाय, तोही तिथंच. मी नऊ वर्षांची असेन. डोहाच्या वरच्या अंगाला खडकावर बसलोय, तुम्ही कणकेच्या गोळ्या करून देताय, आणि माझ्या गळाला पहिल्यांदाच काहीतरी ओढ देतंय. वर काढला तर वीतभर चांदीसारखा मासा, उड्या मारतोय. मी झडप घालून धरला आणि तुम्ही माझ्या मनगटावर सपकन मारलंत. "हात वले कर आधी! कोरड्या हातानं धरलं की पोळतंय त्येला." मग माझे दोन्ही हात धरून पाण्यात बुडवलेत, तुमचेही बुडवलेत, कोपरापर्यंत, उगाच घाईनं नाही, देवाला बसताना धुवावेत तसे. मग त्याला उचललात, तोंडातला गळ सोडवलात आणि जाऊ दिलात. मी घरी येईपर्यंत फुगून होते. आईला सांगितलं नाही, कारण रडले होते हेही सांगावं लागलं असतं. नंतर मग कुणालाच सांगितलं नाही. हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

मांडवाचं तुम्हाला आठवत असेल. मी चौदा वर्षांची. तुम्ही रिटायर होऊन हे घर बांधलंत, वास्तुशांतीला भावकी जमली, आणि तुमचे एकेकाळचे एकाच चौकीतले जोडीदार म्हणून काका-काकू साताऱ्याहून आले. कुणीतरी विषय काढला. आता साक्षीदारच समोर बसलाय म्हटल्यावर सगळे काकांकडं वळले. काका पानाला चुना लावत म्हणाले, "मासा? गड्या, त्या पाण्यात ह्येच्या बुटाशिवाय कायबी घावलं न्हाई!" मांडव हसला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग जिलेबीचं ताट उचलून आत गेलात. त्यानंतर चौकात माणसं तुम्हाला "काय ट्राउटसाहेब, आज काय घावलं?" म्हणायला लागली. आणि तुम्ही गळाची पितळी डबी माळ्यावर टाकलीत, घोंगड्याच्या ट्रंकेमागं. दोन वर्षांनी मिरजेच्या दवाखान्यात तुम्ही गेलात. त्या दोन वर्षांत एकदाही नदीवर गेला नाहीत. मी एकदाही विचारलं नाही.

म्हणून तिकिटं बघायला लागले ती काकांसाठी नाही. मला बघायचं होतं हा माणूस नेमकं काय करायला निघालाय. आणि एक आतली गोष्ट, कॉलेज झालं की विमानानं नेतो असं तुम्हीच मला म्हणाला होतात. तुम्ही स्वतः फौजेच्या विमानात बाकड्यावर बसून, कानात कापूस घालून गेलेले. खिडकी नव्हती म्हणायचात. मला खिडकीची सीट देणार होतात.

स्वस्त तिकीट शोधणं म्हणजे काय असतं, तुम्हाला सांगते. मिरजेत स्टेशनजवळ एक एजंट सापडला. एका टेबलावर औषधाचं कॅलेंडर, दुसऱ्यावर तो. "मॅडम, श्रीनगर, रेट आजच्यापुरता." मी म्हटलं, कुठल्या कंपनीचं विमान? "ते उद्या कळंल." वेळ? "ती पण उद्याच." मग आज काय कळणार? "आज तुमी ॲडव्हान्स देणार." मी उठले. घरी येऊन मोबाईलवर बघितलं. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. सकाळी बघितलं तर एक भाव, जेवून बघितलं तर वाढलेला. मोबाईल आमचं बोलणं ऐकतोय म्हणून मी तो पिठाच्या डब्यावर ठेवून अंगणात जाऊन आईशी कुजबुजत बोलले. आईनं मला वेड्यात काढलं नाही. ती म्हणाली, "आदी मला सांग, एवढं स्वस्त कशानं? दार धरून हुबं ऱ्हायचं हाय का काय त्यात?"

कशानं ते मग तारीख बघितल्यावर कळलं. सगळ्यात कमी भाव होते ते पितृपंधरवड्यात. आईनं कपाळावर हात मारला. "पितरात कोण घराबाहीर पडतं?" म्हणूनच स्वस्त असावं, असं माझं गणित. काकांना फोन लावला. वाटलं, देवधर्माचा माणूस, आता माघार घेईल आणि ह्याचं बिंग फुटेल. काका म्हणाले, "आगं पोरी, पितरालाच भेटाय चाललोय न्हवं? काढ. आणि लेट झालं तर तिथला माशाचा हंगाम बंद हुतोय."

ह्यानं मी गारद व्हायला पाहिजे होते. उलट जास्तच संशय आला. एवढं बरोबर वाक्य माणसाला आपोआप सुचत नाही.

आणि मग गळाचं निघालं. कमी भावाचं तिकीट म्हणजे फक्त हातातली बॅग, आणि हातातल्या बॅगेत गळ चालत नाही. टोकदार वस्तू. सामान वेगळं टाकायचं तर वेगळे पैसे, आणि मग स्वस्त कसलं? मी माळ्यावरनं तुमची डबी काढली होती. झाकण गंजलं नव्हतं, आत सातच गळ, मेणकापडात. काकांना विचारलं, काय करायचं? तर म्हणाले, "गळ कशाला? ऱ्हाऊ दे घरी."

"काका, मासे धरायला चाललोय ना आपण?"

"व्हय."

"मग गळाशिवाय?"

"तू तिकीट काढ गं. लय इचारती."

पप्पा, गळाशिवाय मासेमारीला निघालेला माणूस! मी एक वहीच केली. एका पानावर कारणं. एखाद्या कागदावर सही पाहिजे असेल. पुतण्याचं स्थळ माझ्या गळ्यात मारायचं असेल, चार दिवस बरोबर नेऊन स्वभाव बघायचा असेल. नाहीतर काका कधी त्या नदीवर गेलेच नसतील. आणि शेवटचं कारण मी लिहिलं आणि खोडलं: तुम्हीही गेला नसाल. मला खरी भीती त्याचीच होती. तिथं पोचायचं आणि काकांनी नदी दाखवून म्हणायचं, बघ, एवढंसं पाणी, ह्यात कसला हातभर मासा. मग मला परत येऊन तुमच्या फोटोसमोर उभं राहायचं होतं.

म्हणून तिकीट काढायच्या आधी मीच एसटीनं साताऱ्याला गेले, न सांगता. काका आंघोळीला गेलेले. काकू चुलीपाशी बसून भाकरी थापत होत्या, गॅस असून. मला बघून त्यांनी तवा उतरवला नाही, नुसतं पाटाकडं बोट केलं. "ये. चौकशीला आलीस न्हवं? बरं केलंस." मी म्हटलं, नाही हो, सहज. "सहज कुनी आष्ट्यासनं येतंय व्हय," काकू म्हणाल्या, आणि काका टॉवेल खांद्यावर टाकून दारात आले तसं त्यांच्याकडं न बघताच, "आवं, सांगा की आता. का त्यापायी पोरीला काश्मीरपातूर वढत न्हेणार?"

काका उंबऱ्यावरच बसले. गुडघे सरळ करून, पाय बाहेर.

"दीड म्हैना डब्यातलं खात हुतो आमी," ते म्हणाले. "वरचा रस्ता बंद, ताजं कायबी न्हाई. आणि तुझ्या बापानं गळ टाकला. तिसऱ्या दिशी लागला. हातभर म्हंजे हातभर. आमी सात जण. लांगरीनं, आमच्या सैपाक्यानं, तेल तापाय ठेवलं, मी कांदा चिराय घेतला. आणि तुझा बाप काय करतोय? मासा काठाला पाण्यात ठेवून त्या बर्फाच्या पाण्यात दोनी हात घालून बसला. पार कोपरापातूर. हात निळं पडलं तरी काढंना. मला वाटलं धुतोय, आता कापाय घील. तर त्येनं मासा उचलला, तोंडातला गळ काढला, आणि दिला सोडून. वर मला म्हणतोय, पयला नदीचा."

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"कसला दुसरा! पुन्हा म्हैनाभर गळाला कायबी लागलं न्हाई. मी पंधरा दिस बोललो न्हाई त्याच्यासंगं. आणि त्यो राग बघ, मांडवात भायेर पडला. गंमत म्हणून बोललो. वाटलं, उठंल, आई-बापावरनं शिव्या दील, मग सांगू खरं. त्येनं शिवीबी दिली न्हाई."

"आणि ह्येंनी माफीबी मागितली न्हाई," काकू भाकरी उलटत म्हणाल्या. "दहाव्याला गेले ते तसंच माघारी आले."

"तिथं न्हेऊन सांगनार हुतो," काका म्हणाले. "हितं सांगितलं तर तुला खरं वाटलं नसतं."

खरं वाटलं नसतंच, पप्पा. मी लगेच म्हणाले असते, बाराव्या वर्षी मन खातंय म्हणून गोड गोष्ट रचली. पण मी माझ्या मनगटाकडं बघत होते. कोपरापर्यंत भिजवलेल्या हाताचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईला माहीत नाही. काका ते बघितल्याशिवाय सांगूच शकत नव्हते, आणि तुम्ही तसं का केलंत हे त्यांना आजपर्यंत कळलेलं नाही. त्यांना अजून वाटतं, तुम्ही हात धूत होतात. कोरड्या हातानं मासा पोळतो, हे मी सांगितलं. काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं, ते आधीच कोरडं होतं.

मग मी विचारलं, गळ का नको म्हणता? काका उंबऱ्यावरनं उठायचा प्रयत्न करत म्हणाले, "आगं, आता मी टाकला आणि लागला तर पयला नदीचा, सोडावा लागंल. आणि मला अजून भूक हाय." काकू एवढ्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली.

तिकिटं काढली. पंधरवड्यातलीच. वरनं एका बॅगेचे पैसे जास्त भरले. काका फोनवर ओरडले, "आगं मग सवस्त कसलं ऱ्हायलं!" ओरडू देत. डबी जाणार. गळ मी टाकणार, हातही मीच भिजवणार. त्यांनी नुसतं काठावर बसून उपाशी राहायचं. आईनं शेंगदाण्याची चटणी आत्ताच बांधून ठेवलीय आणि दोनदा विचारलंय, दार खरंच बंद असतं ना? मीही कंपनीला फोन करून आमची नावं यादीत आहेत का ते दोनदा विचारलं. विश्वास ठेवायची सवय एका दिवसात लागत नाही.

हे कागद कुठं पाठवणार नाही. बॅगेतही घालणार नाही, वजनाचं मोजमाप आहे. पण एक दुरुस्ती करायची राहिली. वर मी लिहिलंय, मांडव हसला. मांडव नंतर हसला. काकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत जी पहिली हसली, ती मी होते. म्हणून तुम्ही माझ्याकडं बघितलंत.