उल्कादत्ताची शोधपेटी

भोर
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय मंदारदादा,

साष्टांग वगैरे नमस्कार. ‘वगैरे’ मुद्दाम लिहिलंय. तू मोठा, आणि चुलत असलास तरी सख्ख्यासारखा, म्हणून नमस्कार करणं भाग आहे. पण सध्या तुझ्या पायांपर्यंत वाकायची माझी इच्छा नाही.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. आयटीआयच्या परीक्षा जवळ आल्यात, त्यामुळे माझ्या पोरांना अचानक सोल्डरिंग शिकायची तहान लागलीय. ऊन मी म्हणतंय. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय हे एव्हाना तुला कळलं असेल, म्हणून हा कागद. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. सुलक्षणावहिनी भाजी घ्यायला भोरात आल्या होत्या, उत्रोलीला परत जाताना त्यांच्या पिशवीत हे पत्र आणि एक पुडकं टाकते आहे. पुडकं पत्र वाचून झाल्यावर उघड.

आधी त्या रीलबद्दल. माझ्या वर्गातल्या एका मुलीने दाखवलं, तेही मोठ्या कौतुकाने. ‘मॅडम, हे तुमचेच ना मंदारसर? पाणीवाले?’ पडद्यावर तू. डोक्यावर टोपी, खांद्यावर कोणीतरी घातलेला टॉवेल, मागे ढोलकी वाजतेय, खाली अक्षरं: ‘जर्मन तंत्रज्ञानाचे भूजल शोधयंत्र.’ आणि तुझ्या हातात माझी शोधपेटी. तिला हळद-कुंकू लावलेलं.

जर्मन! अरे, तो स्टीलचा डबा आहे. त्यातून आई मला कॉलेजात भेंडीची भाजी द्यायची. वर चंदेरी रंगाचा फवारा, आत दिव्यांची पट्टी, मोडक्या खेळण्यातला स्पीकर आणि जुन्या कॅल्क्युलेटरचा पडदा, ज्यावर वाटेल ते आकडे पळतात. बाजूला अंगठ्याखाली लपलेलं बटण. दाबलं की पेटी पेटते आणि कुईं करते. बास. पुण्यातल्या कॉमिक्सच्या मेळाव्यात मी उल्कादत्त झाले होते, तेव्हा बनवली होती ती. तू टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत होतास. नंतर ‘कॉलेजातल्या पोरांना दाखवतो’ म्हणून घेऊन गेलास, आणि मी भोळी, नवे सेल घालून दिले.

कप्तान उल्कादत्त आठवतो का तुला? जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर आपण दोघांनी काढलेला? चित्रं तुझी, रंग माझे. तो ग्रहाग्रहांवर शोधपेटी घेऊन फिरायचा आणि दर गोष्टीत शेवटी कळायचं की भूत नव्हतं, वायर ढिली होती. तू कप्तान आणि मी दुय्यम शास्त्रज्ञ. त्या पदाचा मला केवढा माज होता! कित्येक वर्षं मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

आणि तो उन्हाळा आठवतो का, अंबूआत्याकडचा? विंझरच्या पुढे तिच्या वाडीवर गेनूतात्या पाणाड्या विहिरीची जागा दाखवायला आला होता. हातावर आडवा नारळ ठेवून शेतभर फिरला आणि जिथे नारळ उभा राहिला तिथे खुणेचा दगड ठेवला. सगळे हात जोडून उभे. तू मिसरूड फुटायच्या वयाचा. पुढे झालास, आत्याचा टॉवेल त्याच्या डोळ्यांवर बांधलास आणि म्हणालास, ‘तात्या, आता परत दाखवा.’ नारळ दर फेरीला नव्याच जागी उभा राहायला लागला. तात्या चिडून म्हणाला, ‘डोळं बांधल्यावर नारळ लाजतोय.’ सगळी वाडी हसली. आत्याने तुझे कान धरले, पण हसत.

परतताना एसटीत तू मला सांगितलंस की डोळे बांधल्यावर जो प्रयोग फसतो तो प्रयोगच नव्हे. मी खिडकीतून ओकत होते, तरी ऐकत होते. त्या एका वाक्यावर मी आजवर शिकले आणि शिकवते आहे.

आता तूच नारळ झालास. फक्त दिवे लावलेला.

मला किळस येते, दादा. राग नाही म्हणत मी, किळसच म्हणते. गेनूतात्याला निदान स्वतःच्या नारळावर विश्वास होता. तू बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतोस आणि सुट्टीच्या दिवशी जीपमधून उतरून अंगठ्याने बटण दाबतोस. विचारलं तर म्हणालास, ‘लोकांना विज्ञान नको असतं चैतू, यंत्र हवं असतं. आणि या खोऱ्यात कुठेही खणलं तरी चार ठिकाणांपैकी दोन ठिकाणी लागतंच.’ हे दुसरं वाक्य म्हणताना तू डोळा मारलास. तो डोळा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता आत्याच्या वावरात झालं त्याकडे येते.

मी त्या दिवशी तिथे आले ते तुझं तोंड बघायला नव्हे. आत्याचा फोन होता, ‘मंद्या यंत्र घिऊन येतोय, तू बी ये, तुजंच हाय म्हनं त्ये.’ आल्यावर बघते तर तू आदल्या दिवशीच बोअरच्या गाडीवाल्याला सांगून ठेवलेलं की यंत्र वरच्या खाचराला पेटेल. का? तर तिथवर गाडी चढते. झऱ्याच्या बरोब्बर वर! ज्या झऱ्याचं पाणी आत्या आणि तिची जनावरं बारा महिने पितात. झऱ्याच्या डोक्यावर बोअर मारलं तर झरा आटू शकतो, हे मला शिकवलं कोणी? तूच, त्याच झऱ्यात पाय सोडून बसून.

मी आत्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हे यंत्र खोटं आहे, मीच बनवलंय, डबा आहे आपला. ती माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत म्हणाली, ‘मानूस पोटासाटी खोटं बोलतंय गं बाय. यंत्राला कुटं पोट हाय?’

मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले.

पुढचं तुला माहीत आहे. निदान तुला तसं वाटतं. तू पेटी घेऊन खालच्या बांधावरून वर निघालास, आणि ओढ्याकडच्या आंब्याजवळ, तू अजून वर पोहोचायचा होतास तेव्हा, पेटी पेटली. कुईं करत राहिली. तू थांबलास. अंगठा काढून बघितलास. पेटी पेटलेलीच. तुझा चेहरा मी कुंपणाकडून पाहिला. एवढा पांढरा चेहरा तुझा मी आजोबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता. लोकांनी तिथेच नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी बोअर मारलं आणि पाणी लागलं. लागणारच. खाली ओढा आहे, शेंबडं पोरही सांगेल. पण आत्याने फवाऱ्यात भिजत पेटीला नमस्कार केला, आणि तिच्या मागोमाग तू केलास.

मी म्हटलं, नाटक करतोय. ते नाटकसुद्धा मला ओकारी आणणारं होतं.

पण आज वहिनी आल्या त्या माझ्याकडे बसून रडल्या. म्हणाल्या, तू नीट जेवत नाहीस. पेटी देवघरात ठेवलीस. कॉलेजचा राजीनामा द्यायचा म्हणतोस. आणि एकदा त्यांचा हात धरून म्हणालास, ‘सुलू, मी बटण दाबलं नव्हतं गं. ती आपोआप पेटली. आजवर मी लोकांना फसवत होतो, पण तिच्यात खरंच काहीतरी आहे.’ येत्या बुधवारी, अक्षय्य तृतीयेला, अख्ख्या वाडीच्या पाण्याची जागा तू ठरवणार. सगळ्यांनी मिळून आणलेली बोअरची गाडी, एकच भोक, आणि ते तू बटण न दाबता दाखवणार. पेटी कुठे पेटते याची वाट बघत.

ते ऐकल्यापासून मी हे पत्र लिहायला बसले आहे आणि भाजी, गुडघा, रील, नारळ असं सगळं लिहून झालं. आता लिहिते.

दादा, पेटी आपोआप पेटली नाही. मेळाव्याच्या वेळी मी तिच्यात ब्लूटूथ घातलं होतं, म्हणजे मी स्टेजवर हात वर करून उभी राहीन आणि मैत्रीण खालून मोबाईलने पेटवेल. तुला सांगायचं राहिलं होतं. कुंपणापाशी उभी राहून मी मोबाईलवर बोट ठेवलं. तू वर झऱ्याकडे जाऊ नयेस म्हणून. मला दुसरं सुचलं नाही. खरं सांगितलं ते आत्याने ऐकलं नाही, मग मी खोटं केलं आणि ते सगळ्यांनी ऐकलं. झरा वाचला. तू गेलास.

म्हणून म्हणते, किळस. पहिली तुझी, आणि आज दुपारपासून माझी. तुझ्या अंगठ्यात आणि माझ्या बोटात काय फरक राहिला? शिवाय, पाण्याचा फवारा उडाला तेव्हा क्षणभर माझेही हात जोडले गेले होते. मलाच माहीत होतं की मी काय केलंय, आणि तरी.

काहीतरी आपोआप पेटावं असं तुला लहानपणापासून वाटायचं, मला ठाऊक आहे. आपण गोष्टीत दर वेळी ढिली वायर काढायचो, पण शेवटचं पान रंगवताना तू थोडा उदास व्हायचास. मीही व्हायचे. म्हणूनच तुला हे सांगणं मला इतकं जड जातंय. तुझा पहिला खरा चमत्कार मी होते.

आता पुडकं उघड. टॉवेल आहे. आत्याचाच, तेव्हाचा नव्हे, पण बोअर मारलं त्या दिवशी तिच्याकडूनच मागून आणलेला. बुधवारी सगळ्यांसमोर डोळ्यांवर बांध आणि शेतातून फेऱ्या मार. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, मोबाईल हातात धरून, सगळ्यांना दिसेल असा. आत्या आपल्या दोघांचेही कान धरेल, आणि या वेळी हसणार नाही. मग ज्यांना भूजल कळतं त्यांना बोलावू आणि जागा त्यांना ठरवू देऊ. राजीनामा तोवर खिशात ठेव.

तू टॉवेल बांधला नाहीस, तरी मी येणार आहे. कुंपणापाशी असेन. बुधवारी पेटी कुठेही पेटली, तरी ते पाणी नसेल. ती मी असेन.

अजूनही तुझी,
दुय्यम शास्त्रज्ञ
चैत्राली