कोट फक्त कामाचा

४ मार्च
साडूला कर परत मिळाला. बायकोने चहाच्या वेळी सांगितलं. सहजच, साखर ढवळत. भावजींनी म्हणे कामाचे कपडे खर्चात दाखवले. जाड ओव्हरऑल, हातमोजे, पुढे पोलाद बसवलेले बूट. साडू वेल्डर आहे. दिवसभर ठिणग्यांसमोर उभा असतो. मी घरं विकतो. दिवसभर माणसांसमोर उभा असतो. जास्त धोका कशात, हे कोणी विचारत नाही.
हेवा वगैरे काही नाही. फक्त नोंद.

५ मार्च
प्रश्न तत्त्वाचा आहे. करड्या कोटाशिवाय मला कोण दारात उभं करील? म्हणजे कोट हे माझं अवजार. वजावट मिळायलाच हवी. उद्या टॅक्सवाल्याकडे.

६ मार्च
टॅक्सवाला नाही म्हणाला. जो कपडा घालून माणूस लग्नाला जाऊ शकतो, तो कामाचा कपडा नव्हे. ओव्हरऑल घालून कोणी लग्नाला जातं का, असं त्याने वर मलाच विचारलं. म्हटलं, तुम्ही आमच्या साडूला ओळखत नाही.
मग म्हणाला, कोटावर धंद्याचं नाव असेल, चांगलं ठळक, बाहेर घालायची लाज वाटेल असं, तर तो गणवेश. मग बघता येईल. चेष्टेत म्हणाला असावा. मी गंभीरपणे घेतलं. यशस्वी माणसांचं असंच असतं.

११ मार्च
कोट भरतकामाच्या दुकानातून आला. पाठीवर पिवळ्या दोऱ्याने ‘घर घ्यायचंय? विचारा!’ खाली फोन नंबर. खिशावर छोटं घर, धुराड्यासकट. दुकानवाल्या बाईने दोनदा विचारलं, नक्की ना? नंतर उसवलंत तर भोकं राहतील. नक्की म्हटलं.
बायको म्हणाली, अहो, पाठीवर? मी विचारलं, लाज वाटते ना? म्हणाली, वाटते. म्हटलं, झालं तर मग. नियमात बसलं.
संकल्प: कामाशिवाय कोट अंगाला लावायचा नाही.

१५ मार्च
मोठी बातमी. सासऱ्यांना घर विकायचंय. जिना चढवत नाही. चांगलं घर आहे, मागे बाग, खोल्यांत भरपूर ऊन. या वर्षी माझ्या हातून एकही घर गेलेलं नाही. बाजार मंद आहे. हे एक गेलं की बायको तिच्या बहिणीला सांगेल. सहजच, साखर ढवळत.
रविवारी त्यांनी सगळ्यांना जेवायला बोलावलंय. तेव्हाच काम सोपवतील. दुसरं आहे कोण? वेल्डर?

१७ मार्च
पेच. रविवारी कोट घातला नाही तर सासऱ्यांना नुसता जावई दिसणार. घातला तर कोट घरगुती झाला, वजावट गेली. टॅक्सवाल्याला फोन केला. तो बराच वेळ हसत होता. शेवटी म्हणाला, कामासाठीच जात असाल तर घाला बुवा.
ठरलं. कामासाठीच जायचं. जेवायचं नाही. जेवलो की घरचा झालो.

२० मार्च, रविवार, दुपारी
उत्तम पार पडलं.
सासऱ्यांना दारातच कार्ड दिलं. चष्मा लावून वाचलं त्यांनी. म्हणाले, नंबर आहे माझ्याकडे. वाकून नमस्कार केला नाही, हात मिळवला. मेहुणीने माझी पाठ मोठ्याने वाचली आणि म्हणते, बरं, काय विचारू? साडू नव्या निळ्या कोटात. स्वतःच्या खिशातून घेतलेला. बसला होता चांगला. खांदे कामाने झालेत, त्यात त्याचं कर्तृत्व काय. पाठीवर थाप मारून म्हणाला, साडूभाऊ, आता तुमच्या मागे बोलायचीही सोय झाली.
ताटं वाढली. म्हटलं, मी कामावर आहे. सासरे म्हणाले, बसा हो, दोन घास खा. नाही म्हटलं. मासे तळले होते. टेप घेऊन खोल्या मोजायला गेलो. मागची खोली, जिना, न्हाणीघर. खिडक्या उघडून लावून पाहिल्या. जेवणघरातून हसणं ऐकू येत होतं. मग बराच वेळ हळू बोलणं. मग पुन्हा हसणं, साडूचं सगळ्यांत मोठं. दिवसभर ठणठणाटात राहून माणसं अशी होतात.
निघताना सासऱ्यांनी माझा हात बराच वेळ हातात धरला. काम मिळालं म्हणायचं.
घरी येऊन पाव खाल्ला.

२३ मार्च
जाहिरात लिहिली. ‘उन्हाचं घर’. दोघा गिऱ्हाइकांना तोंडी सांगूनही ठेवलं. साडूचा फोन आला, मागच्या खोलीची रुंदी किती? बाबांना हवी आहे का विचारलं, तर म्हणाला, हो, तसंच काहीसं. सांगितली. जाणकाराकडे शेवटी सगळ्यांना यावंच लागतं.

२६ मार्च
घर साडू घेतोय.
बायकोने सांगितलं. या वेळी सहज नाही, खाली बसून. मागच्या खोलीत त्याचं वर्कशॉप. सासरे खालच्या मजल्यावर, त्यांच्याजवळच राहतील. रविवारी जेवताना ठरलं.
मला का बोलावलं नाही? तर म्हणे ताईने हाक मारली होती, तुम्हीच आतून ओरडलात, कामात आहे. मग बाबा म्हणाले, राहू दे, हे घरचं बोलणं आहे.
म्हटलं, जाणकाराशिवाय किंमत ठरवली? ती म्हणाली, किंमत तुम्हीच सांगायची होती. तुम्ही म्हणाल तो आकडा मान्य, असं भावजींनीच सुचवलं होतं. तुमची फीसुद्धा तेच देणार होते.
साडूचा हा मोठेपणा मला पहिल्यापासून खटकतो.

२८ मार्च
टॅक्सवाल्याने विचारलं, त्या रविवारचं काम कोणाचं होतं? सांगून ठेवलं, कळवतो.

६ एप्रिल
खरेदीखत झालं. साक्षीदार हवा म्हणून मला नेलं. साध्या शर्टात गेलो.
कारकुनाने विचारलं, मध्यस्थ कोण? सासरे म्हणाले, कोणी नाही हो, घरातल्या घरात आहे. मग कारकुनाने माझ्याकडे बघून विचारलं, आपण? मी शब्द जुळवत होतो. साडू म्हणाला, हे आमचेच. कारकून म्हणाला, तसं लिहिता येत नाही, नातं सांगा.
खरेदीदाराचे साडू, असं लिहिलं.
व्यवसाय विचारेल म्हणून थांबलो. त्याने पेन पुढे केलं.