शंकरपाळ्यांच्या डब्यातला फोन

१६ जुलै, बुधवार

आज जप्ती केली! किमयाचा फोन काढून घेतला, शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकला आणि डब्याला माझं नाव लिहून लाल कार्ड बांधलं. जहाजावरून येताना बॅगेत एक चुकून आलं होतं, ते कामी आलं.

सहा महिन्यांनी घरी आलो, चार दिवस वाट पाहिली. चार दिवस बंद दार. दाराआड आमचं कन्यारत्न, वय वर्षं तेरा. हाक मारली की "येस बाबा", जेवायला बोलावलं की "नॉट हंग्री लाह", इथल्या पोरांच्या इंग्रजीत. तिच्या आईने, विभाने, थालीपीठ केलं तर त्याचे बारीक तुकडे करून ताटात फिरवत बसली. एकही तोंडात गेला नाही. याला कारण फोन. दुसरं काय असणार?

कार्डाचा नियम तिला नीट समजावला. पंप उघडला की त्याच्या स्विचला हे कार्ड लावतात — काम चालू आहे, सुरू करू नये. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. खुद्द कॅप्टन आला तरी हात लावत नाही. याने माणसांचे हात वाचतात. कळलं?

"ओके," म्हणाली आणि दार लावून घेतलं. रडणं नाही, आदळआपट नाही. मी तर भांडणाची पूर्ण तयारी करून बसलो होतो.

विभा म्हणाली, "उन्मेष, आधी तिला काय झालंय ते तरी विचार." विचारायचं काय त्यात! बिघाड समोर दिसतोय.

१७ जुलै, गुरुवार

शाळेचं पत्र. ऑनलाइन सुरक्षेवर पालकांसाठी व्याख्यान. वक्त्याचा फोटो, खाली त्याच्या चार अकाउंटचे पत्ते — फॉलो करा! लोका सांगे ब्रह्मज्ञान.

१९ जुलै, शनिवार

टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, स्वस्त खाण्याच्या गाळ्यांत, जेवायला गेलो. शेजारच्या टेबलावर आई, बाप, दोन पोरं, चार फोन. धाकटं दोन वर्षांचं. त्याचा फोन सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केलेला आणि आई त्याच्या तोंडात नूडल्स कोंबतेय! बाप स्वतःच्या ताटाचे फोटो काढतोय. जेवणाला आधी नैवेद्य मोबाईलला. हसू आलं आणि चीडही आली. किमया नुसतं बार्लीचं पाणी प्यायली.

तिथेच निशिकांतचा फोन. एके काळचा माझा सेकंड इंजिनियर. आता किनाऱ्यावर नोकरी, वुडलँड्सला फ्लॅट आणि उरलेला सगळा वेळ मराठी मंडळ. तीन ऑगस्टला पालकांचा मेळावा आहे, विषय 'मुलं आणि मोबाईल', बोलायला मी हवा. "चीफ, तुमचे साठ हजार फॉलोअर्स आहेत. तुमच्या नावावर हॉल भरेल."

हो म्हटलं. कोणीतरी खडसावायलाच हवं या लोकांना.

माझ्या पेजची गोष्ट वेगळी. ते काही नाचगाणं नाही. इंजिनरूम कशी असते, पिस्टन कसा काढतात, समुद्रावरचा माणूस कसा जगतो हे लोकांना कळावं म्हणून चालवतो. माहितीपर आहे. एक तेवढा घरचा व्हिडिओ. सहा वर्षांपूर्वी मी निघताना किमया माझ्या उघड्या सूटकेसमध्ये जाऊन बसली होती. सात वर्षांची, नाक गळतंय, गुडघे पोटाशी घेतलेले आणि रडत रडत म्हणतेय, "आय कॅन फिट, बाबा! सी, आय कॅन फिट!" मावते मी, मला घेऊन जा! चाळीस लाख लोकांनी पाहिला तो. ब्राझीलच्या एका खलाशाने लिहिलं होतं की जहाजावर सगळे रडले. त्याला सोशल मीडिया म्हणत नाहीत, त्याला भावना म्हणतात.

२२ जुलै, मंगळवार

शाळेतून विभाला फोन. किमया मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन बसते. तीन आठवडे. डबा भरलेला परत येतो हे आम्हाला माहीत होतं, दुपारचं कँटीनमध्ये खात असेल असं वाटायचं. तेही नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, "वी आर मॉनिटरिंग." करा मॉनिटर! मीटरकडे बघत बसल्याने तापमान उतरत नाही.

मग मी डबा उघडला. कार्ड माझं, काढायचा हक्क माझा. म्हटलं आज त्या हरामखोराला शोधूनच काढतो — मुलगा असेल, नाहीतर पोरींची टोळी असेल, नाहीतर डाएट शिकवणाऱ्या त्या वाळक्या बायकांचे व्हिडिओ बघत असेल.

दोन तास शोधलं. काही नाही. एकही अकाउंट नाही! बुद्धिबळाचा गेम. चौथ्या मजल्यावरच्या मांजराचे दीडशे फोटो. श्रियाशी गृहपाठाच्या गप्पा, त्याही जूनमध्ये थांबलेल्या. सराईत आहे कार्टी, सगळं पुसून ठेवलंय.

विभा म्हणाली, "पुसलं नाहीये. तिने कधी अकाउंट उघडलंच नाही. तुला इतकंही माहीत नाही?"

२४ जुलै, गुरुवार

श्रियाला गाठलं. बाजूच्या ब्लॉकमध्ये राहते, किमयाच्याच वर्गात आहे. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बसची वाट बघत उभी होती. सरळ विचारलं, किमयाला कोण त्रास देतंय? नाव सांग.

पोरगी माझ्याकडे बघतच राहिली. "अंकल, तुम्हाला रिअली माहीत नाही? तुमचाच व्हिडिओ लाह."

जूनच्या सुट्टीत कोणाला तरी तो सापडला. त्यातला आवाज कापून घेतला. आता त्या आवाजावर सगळे रील करतात — कोणी कचऱ्याच्या डब्यात शिरतंय, कोणी कपाटात. किमया वर्गात आली की दप्तराची चेन उघडून समोर ठेवतात. आय कॅन फिट? बसमध्ये सीटवर बसली की मागून तोच आवाज. आणि सात वर्षांची ती आता सात वर्षांची नाही, अंगाने भरली आहे जरा. "दे ऑल्वेज से, नाऊ कॅनॉट फिट ऑलरेडी," असं श्रिया म्हणाली. मग मान खाली घालून म्हणाली, "मी केला नाही, अंकल. पण मी हसले."

म्हणून खात नाही ती. मावायचंय तिला.

पंख्याखालच्या दगडी बाकावर बसलो.

२५ जुलै, शुक्रवार

मुख्याध्यापकांना तीन पानी पत्र लिहिलं. ही मुलं नाहीत, लांडगे आहेत! यांचे आईबाप काय करतात? दुसऱ्याच्या लेकराचं रडणं खेळायला घेतात, लाज कशी वाटत नाही यांना?

पत्र विभाला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती. "छान आहे. पाठव. आणि तुझा व्हिडिओ काढ."

आता काढून काय उपयोग? हजार प्रती फिरताहेत. तोफेतून गोळा सुटल्यावर तोफ पुसायची? आणि त्या व्हिडिओखाली सहा वर्षांच्या कॉमेंट्स आहेत. जहाजावर काही नसतं तेव्हा मी त्या वाचतो.

"तू कॉमेंट्स वाचतोस," विभा म्हणाली. "ती शाळेच्या बसमध्ये बसून तो आवाज ऐकते." आणि लाइट बंद करून गेली.

२८ जुलै, सोमवार

व्हिडिओ अजून आहे. बघू.

३० जुलै, बुधवार

पीईच्या तासाला किमयाला चक्कर आली. डोक्याला तीन टाके. पॉलीक्लिनिकमध्ये मी आणि ती, शेजारी शेजारी. डॉक्टर म्हणाल्या, वजन दोन महिन्यांत सात किलो उतरलंय. हे असंच चाललं तर दाखल करावं लागेल.

सात किलो! आणि मी चाळीस सिलेंडरांचं तापमान एका नजरेत सांगणारा चीफ इंजिनियर. घरातलं एक माणूस विझत चाललं होतं ते मला दिसलं नाही. फोन डब्यात घालून वर कार्ड बांधून मोकळा झालो. चुकीची मशीन बंद केली मी.

औषधांसाठी नंबर यायचा होता. ती म्हणाली, "बाबा, हाऊ मेनी व्ह्यूज नाऊ?"

मला आकडा पाठ होता. सांगूनही टाकला. एक्केचाळीस लाख वीस हजार.

"ओके," म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी उठलो तर माझा फोन जागेवर नाही. तिचा फोन परत दिल्यापासून रिकाम्या पडलेल्या शंकरपाळ्यांच्या डब्यात. डब्याला तेच लाल कार्ड, माझं नाव खोडून खाली लिहिलेलं — किमया.

हात लावला नाही. नियम म्हणजे नियम.

३ ऑगस्ट, रविवार

निशिकांतला विभाच्या फोनवरून कळवलं, येत नाही. "चीफ, असं काय करता? पोस्टर गेलंय सगळीकडे! हॉल फुल आहे." म्हटलं, दुसरा कोणी शहाणा बघ. आपल्यात कमी आहेत का?

मग किमयाच्या दारावर टकटक केली आणि विचारलं, कार्ड काढतेस का? मला एक काम करायचंय. तू समोर बस.

तिने कार्ड काढलं. मी व्हिडिओ काढला, मग अख्खं पेजच काढलं. साठ हजार माणसं चार सेकंदांत गेली. प्रती फिरत राहणार, तेही तिला खोटं न बोलता सांगितलं. उद्या शाळेत मी स्वतः जाणार, आणि लांडग्यांवर नाही, स्वतःवर बोलणार हेही सांगितलं. सप्टेंबरचं जहाज नको म्हणून कंपनीला कळवलंय.

एवढंच म्हणालो, "तेव्हा सांगितलं असतंस ना गं, तर मी टाकलाच नसता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने अर्धं घावन खाल्लं. विभा ओट्याकडे तोंड करून रडली, किमयाला दिसू नये म्हणून.

५ ऑगस्ट, मंगळवार

आपल्यापुरती एक प्रत असावी म्हणून जुनी हार्ड डिस्क काढली. मूळ व्हिडिओ सापडला. एक मिनिट नऊ सेकंदांचा. पेजवर होता तो अठ्ठेचाळीस सेकंदांचा. कापला मीच, दुसरं कोण! का कापला ते आठवेना, म्हणून शेवटपर्यंत पाहिला.

अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला ती रडायची थांबते. वर बघते, थेट माझ्याकडे.

"बाबा, तू शूट करतोयस? कोणाला दाखवू नको हं."

मग माझा आवाज. हसतोय मी.

"नाही गं सोन्या. कुण्णाला नाही."