अडीच मापाच्या बांगड्या

आई, परवा यवतमाळला एका डॉक्टरीणबाईंनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि एकेक बोट पेराशी दाबून पाहिलं. सांध्यांच्या आजाराच्या डॉक्टर आहेत, माझ्या वर्गातून गेलेल्या पोरींच्या वयाच्या. दाबताना त्यांचं लक्ष बोटांकडे नव्हतंच, माझ्या तोंडाकडे होतं. दुखलं की माणूस तोंड वाकडं करतो, ते त्यांना पाहायचं होतं. मी काही तोंड वाकडं केलं नाही. ही खोड तुझी. शेवटी त्याच म्हणाल्या, "मॅडम, इथं शूर होऊन काही मिळणार नाही. दुखतं ते सांगा." मग सांगितलं. दोन्ही हातांची मधली दोन-दोन बोटं, दोन्ही मनगटं, उजव्या पायाचा चवडा. त्यांनी ते कागदावर उतरवलं आणि मान खाली घालूनच विचारलं, "घरात कोणाला होतं का असं? आईला, मावशीला?" माझी मुलगी शेजारच्या खुर्चीत बसली होती. मी म्हटलं, "नाही."

त्या "नाही"साठी हे लिहायला बसले आहे. सवयीप्रमाणे शाळेची वही घेतली आहे, मागून उघडली आहे, आणि पेनला जाड रबर गुंडाळलं आहे, नाहीतर दोन ओळींत बोटं संपावर जातात. पण आधी तुला तुझा आजार सांगते, कारण तो तुला कोणी कधी सांगितलाच नाही. आपण सगळे त्याला वात म्हणत राहिलो. वांगं बंद, दही बंद, एरंडाची पानं गरम करून बांधायची, आणि फारच झालं तर मेडिकलवाल्याकडची दुखण्याची गोळी. सोळा-सतरा वर्षं तू भरल्या वांग्याकडे नुसतं पाहिलंस. ते सगळं वाया गेलं गं, वांग्याचा काही संबंधच नव्हता.

मी एकतीस वर्षं इथल्याच, दारव्ह्याच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असं सांगून फळ्यावर त्यांच्या हातात भाले काढायची. पोरं खूश. काटा रुतला की जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. ही चार लक्षणं मी पाठ करून घ्यायची आणि वर म्हणायची, घाबरायचं नाही, आत दुरुस्ती चालू आहे, काम झालं की सूज आपोआप उतरते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की माझ्यात ती उतरायचं नाव घेत नाही. काटा नाही, जंतू नाही, तरी शरीराची राखण करणाऱ्या पेशी सांध्याच्या आतल्या अस्तरालाच परकं समजतात आणि तिथं दाह सुरू ठेवतात. अस्तर जाड होतं, मग शेजारची कूर्चा खातं, मग हाड. बोटं वाकडी होतात ती यानं. दाह सगळ्या अंगात फिरतो म्हणून थकवा येतो, भूक जाते, अंगात कणकण राहते. मी ऐकत होते आणि मनात तुझ्यावर एकेक खूण करत होते. सगळ्या खुणा जुळल्या.

सकाळचं तर अगदी तंतोतंत. हात-पाय हलत नसले की सांधे जखडतात, म्हणून उठल्यावर तास-दोन तास हात आपला नसतो. कामाला लागलं की हळूहळू सुटतो. कष्टानं झिजलेल्या गुडघ्याचं उलटं असतं, तो चालून दुखतो. हे मला आता कळतं. तेव्हा आपण दारव्ह्याला कचेरीमागच्या भाड्याच्या घरात राहत होतो, बाबांना साडेदहाला कोर्टात टेबलावर हजर व्हावं लागायचं. मला अजून दिसते ती तू: चुलीजवळच्या पाटावर बसलीस, चहाचा पितळी पेला दोन्ही तळव्यांत धरला आहेस, बोटं न वळवता. परातीत कणीक तशीच आहे. मी कॉलेजला जायच्या घाईत कणीक मळते आणि धुसफुसते. अकरा वाजता तू भराभर पोळ्या लाटतेस आणि चार वाजता केस विंचरून हळदीकुंकवाला निघतेस. एक दिवस मी म्हटलंच, "कामाच्या वक्तालेच दुखते तुले. हळदीकुंकवाले जाताना बरं नाही दुखत?" तू चिडली नाहीस. स्वतःच्या हातांकडे पाहून म्हणालीस, "मलेच नाही समजत वं, काहून असं होते ते." तुला स्वतःलाही तू ढोंगी वाटायला लागली होतीस, असं मला आता वाटतं. मी तेव्हा पुस्तक काखोटीला मारून निघून गेले.

मग माझं लग्न ठरलं. यवतमाळचं स्थळ, सगळे नोकरीतले. तू त्याआधी दोन वर्षं काचेच्या बांगड्या सोडल्या होत्यास. जातच नव्हत्या. बांगडीचं माप मनगटाचं नसतं, मुठीचं असतं. तुझं मनगट काडीसारखं झालं होतं आणि मुठीची हाडं सुजलेली. लग्न होऊन आलीस तेव्हा तुझा हात सव्वादोनचा होता म्हणे, पुढे अडीचचा झाला. तू स्क्रूची एकेक पाटली घालायचीस आणि पदर मनगटावर ओढून घ्यायचीस. नवरा जिता आणि बाई भुंड्या हाताची, यावर आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, यायची तेव्हा तेव्हा बोलायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी बोरी अरबची कासारीण चुडा भरायला आली. ओसरीत सतरंजीवर बसून आधी माझे हात भरले, मग जमलेल्या साऱ्या बायांचे, आणि शेवटी तुझा हात हातात घेऊन ती थांबली. "हिले अडीच लागते," ती म्हणाली. "हिरव्यात अडीच सरलं बाई. उद्या सकाळी आणून देईन." मी तिथंच होते, ओल्या हळदीची, नव्या चुड्याची. संध्याकाळी सीमांतपूजनाला सासरच्या बाया येणार होत्या. त्यांना तुझे भुंडे हात दिसले असते, मग कोणीतरी विचारलं असतं, मग आत्यानं सगळं सांगितलं असतं. मुलीच्या आईला वाताचा रोग आहे, उद्या मुलीला लागेल, हे माझ्या डोक्यात चालू होतं. मी म्हटलं, "उद्या कायले? पाहुणे आज येऊन राह्यले. खालचं माप घाला, साबण लावा."

"राहू दे ना वं," तू म्हणालीस. "पदर घेईन मी हातावर. कोणाले दिसते?"

"आई, आजचा दिवस!" मी म्हटलं. एवढंच. बाहेरून साबणाची वडी आणि तांब्या मीच आणला, तुझ्या हातांना साबण मीच चोळला. कासारणीनं तुझा अंगठा आत मुडपला, मूठ आवळली आणि बांगडी रेटली. उजव्या हातात सहा, डाव्या हातात सहा. तीन बांगड्या मुठीवरच फुटून गेल्या. तू एकदाही ओरडली नाहीस. संपल्यावर डोळे पुसलेस आणि हसून मला म्हणालीस, "झाले बापा, नवरी मी का तू?" सगळ्या हसल्या. संध्याकाळी सासूबाईंची ओटी भरताना तुझ्या हातात हिरवा चुडा वाजला, कोणी काही विचारलं नाही, आणि मी सुखानं श्वास सोडला.

पाचव्या दिवशी मांडवपरतणीला मी माहेरी आले, तर तू दोन्ही हात पदराखाली घेऊन बसलेली. बांगड्यांच्या खाली मनगटं फुगली होती, काच मांसात रुतली होती. उतरवता येत नव्हत्या, आणि फोडायच्या तर आत्या आडवी आली. "सवाशिणीच्या हातातला चुडा कोणी फोडते काय? आणि तेही नवी नवरी घरात असताना?" बाबा बहिणीपुढे कधीच बोलायचे नाहीत. दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा स्वयंपाकघरातून ठक् ठक् ऐकू आलं. मी दारात गेले. तू पाट्यावर डावा हात ठेवला होतास, वर फडकं, आणि उजव्या हातात वरवंटा. उजवा हात तरी कुठे धड होता! वरवंटा दोन्ही वेळा निसटला. मला पाहून म्हणालीस, "जा तू इथून. नवी नवरी हाय तू. असं पाहू नये."

मी गेले. मदतीला बसायला पाहिजे होतं, पण तू पाहू नये म्हणालीस आणि मला ते फार सोयीचं वाटलं. तासाभरानं तू बाहेर आलीस, दोन्ही मनगटांना चिंध्या बांधलेल्या, आणि नळावर पाय घसरून पडले असं सगळ्यांना सांगितलंस. आत्यानं तोंड फिरवलं. तिनं पाट्यावरचा चुरा पाहिला होता.

चार वर्षांनी बाबा गेले. ऑफिसातून आले, छातीत कळ आली आणि संपलं. बाया जमल्या, रीतीप्रमाणे बांगड्या फोडायला तुझे हात पुढे घेतले, तर हातात फोडायला काही नव्हतंच. तेव्हा आत्या म्हणाली, "हिनं तर आधीच आपल्या हातानं फोडून ठेवल्या होत्या. तवाच म्हटलं होतं म्या." सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मला एक वाक्य बोलायचं होतं, "आत्या, त्या बांगड्या मी घालायला लावल्या, हिचे हात दुखत होते." पण बाहेरच्या खोलीत माझी सासू बसली होती. मांडीवर तान्ही पोर होती, मी तिचं टोपडं सारखं करत बसले. तुझ्या नवऱ्याचं मरण तुझ्या हातांवर लिहिलं गेलं आणि मी टोपड्याची नाडी बांधत होते.

त्यानंतर तू दहा वर्षं होतीस. आत्या ते वाक्य लग्नात, बारशात, जिथं भेटेल तिथं बोलायची, आणि तू ऐकून घ्यायचीस. मी एकदा, फक्त एकदा, विषय काढला होता. तू वाकड्या बोटांनी शेंगा सोलत होतीस. म्हणालीस, "कायले उकरून काढतं? तुझं नीट झालं ना सगळं?" त्यावर मला हो म्हणावं लागलं, कारण झालं होतं.

आता माझं ऐक. मला लवकर आलात म्हणाल्या डॉक्टरीणबाई. बोटं वाचतील. एक गोळी दिली आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज चुकूनही नाही, म्हणून कॅलेंडरवर रविवारांना गोल केले आहेत. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मधे मधे रक्त तपासायचं. असली औषधं तुझ्या वेळीही कुठेतरी असतील. आपण काही तिथवर पोचलो नाही. मी लवकर गेले कारण एका सकाळी चहाचा कप मी दोन्ही तळव्यांत धरला, बोटं न वळवता, आणि मला तू दिसलीस. तुझ्यामुळे ओळखलं. आणि दवाखान्यात तुझंच नाव गाळलं. का, तर पोरीसाठी स्थळं पाहणं चालू आहे, आणि ती शेजारी बसली होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहून म्हणाल्याही, घरात असलं तर पुढे होईलच असं नाही, पण माहीत असलेलं बरं, म्हणजे वेळेत लक्ष जातं. पोरीनं मान हलवली. माझ्या नाही म्हणण्यावर तिनं विश्वास ठेवला.

पुढच्या तारखेला तिच्यासमोर "हो" सांगायचं ठरवलं आहे. स्थळ मोडलं तर मोडू दे, मरो. हे पत्र काही कुठे जायचं नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट राहिली, ती डॉक्टरीणबाईंना सांगायची नाही, तुलाच सांगायची आहे.

परत येताना दारव्ह्याच्या स्टँडवर बसमधून उतरायला पोरीनं माझा हात धरला आणि लगेच सोडला. "आई, केवढा गरम आहे गं हात!" म्हणाली, आणि मग दंडाला धरून मला सावकाश उतरवलं. ती बँकेत आहे, विज्ञान तिनं दहावीनंतर सोडलं. हात गरम लागला म्हणून तिनं सोडला.

चुडा भरला त्या दुपारी तांब्यातलं पाणी रांजणातलं होतं, गार. त्या पाण्यानं मी तुझ्या हातांना साबण चोळला आणि तुझी बोटं माझ्या हातात गरम लागली. लाल, सूज, गरम, ठणका. मी बी.एस्सी. झाले होते, आई. मला कळलं होतं. मी हात तसाच धरून कासारणीपुढे केला आणि म्हटलं, "चालते, घाला."