गाठीचं खाणं

आप्पा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. माझी पत्रं आईच्या नावाने यायची आणि तिला वाचता येत नसल्यामुळे तुम्ही ती वाचून दाखवायचात, तुम्हाला न पटलेली वाक्यं गाळून. आज लिहितोय, कारण गेले चार महिने तुम्ही माझ्या नेरुळच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून बसलेले मला दिसता. ताटात काय वाढलं जातंय ते बघता आणि मान हलवता. माणूस मेल्यावर तरी दुसऱ्याच्या ताटात बघायचं सोडेल, असं मला वाटलं होतं.

तुमच्या सुनेच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी औषध चढवतात. आजार कळला त्या दिवशी मला तिच्या आधी आई आठवली आणि आईच्या आधी तुम्ही आठवलात, याची मला अजून चीड येते.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. तुर्भ्याच्या धान्य बाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला लागून दोन वर्षं झाली होती. महिन्याची रजा काढून गावी आलो. कराडच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं होतं, पण खाण्याचं काहीच सांगितलं नव्हतं, आणि तेवढी मोकळी जागा तुम्हाला पुरली. तुम्ही पोथी वाचायचात, चार लोक पारावर तुमच्याभोवती बसायचे, आणि एवढ्यावर तुम्हाला माणसाच्या पोटातलं सगळं दिसू लागलं होतं. "डाळ बंद. कडधान्य बंद," तुम्ही म्हणालात. "डाळीनं गाठीला बळ येतं. नुसत्या पेजेवर ठेवायचं, गाठ आपोआप वाळंल." मी बाजारातून पाच किलो मूग नेले होते. आमच्याकडचा एक जुना माणूस म्हणाला होता की आजाऱ्याला मुगासारखं दुसरं काही नाही. गोणीतून मूठ मूठ काढून, खडा बघून, निवडून नेले होते. तुम्ही ते रात्रभर भिजवलेत आणि सकाळी म्हशीला घातलेत. त्या महिन्यात म्हैस फार छान दिसत होती.

शेजारच्या काकू एकदा पदराखाली झाकून आमटीची वाटी घेऊन आल्या. मी ओसरीवर होतो, तुम्ही दारात. त्या म्हणाल्या, "भावजी, दोन घोट तरी घेऊ द्या की त्यास्नी." तुम्ही आवाज न चढवता बोललात. पारावर बोलायचात तोच आवाज. "वैनी, वाटी घरी घेऊन जावा. उद्या गाठ वाढली तर निस्तरायला तुमी येणार हाय का?" काकू वाटी घेऊन परत गेल्या. आतून आई म्हणाली, "जाऊ दे. त्यांच्या मनासारखं होऊ दे." मी तिच्या अंथरुणाशी जाऊन बसलो तेव्हा तिने मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "वास चांगला सुटला हुता."

मुगाने आई वाचली असती असं मी म्हणत नाही. आजार पुढे गेला होता. पण ती गेली ती उपाशी गेली, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत पथ्य म्हणून सांगत राहिलात. तिच्या तेराव्याला आमटी होती. चांगली झाली होती, तिखट. तुम्ही दोनदा मागून घेतलीत. दुसऱ्यांदा मीच वाढली, आणि वाटी काठोकाठ भरून तुमच्या पुढ्यात ठेवली. माझ्या आयुष्यातली ती एक गोष्ट आहे जिचा मला अजून अर्थ लागत नाही.

तर मी ठरवलं होतं की तुमच्यासारख्या माणसाला ओळखायला मी पुन्हा चुकणार नाही. मी धोतर आणि पोथी शोधत राहिलो. हा आला टी-शर्ट घालून.

तुमच्या सुनेचा थोरला भाऊ खांदेश्वरला राहतो. आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, मग प्लॉट विकले, आता आरोग्य विकतो. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्याने भाषण ठेवलं. पडद्यावर ज्वारीच्या भाकरीचं चित्र, आणि तिच्यावर लाल फुली. लोकांनी उठून उठून त्या फुलीचे फोटो काढले. रिटायर झालेले इंजिनियर, बँकेतल्या बायका, सगळे शिकलेले. "कॅन्सरला काय लागतं? साखर," तो म्हणाला. "भात म्हणजे साखर, भाकरी म्हणजे साखर. साखर तोडा, तो उपाशी मरतो. सिंपल." पोटावर ताणलेला तो टी-शर्ट प्रत्येक वाक्याला हलत होता. भाषण संपल्यावर खाली गाडीवर त्याने दोन वडापाव खाल्ले. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "दाजी, मला काय कॅन्सर नाय ना."

तुमची डाळ गाठीला बळ द्यायची, याची भाकरी गाठीला बळ देते. तुम्ही आईला नुसत्या पेजेवर ठेवलंत, याने हिला पावडर, पनीर आणि अंड्यांवर ठेवलं. उलटसुलट केलं तरी मधलं माणूस एकच, आणि काय खायचं हे त्याला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक. त्याने तक्ता छापून दिला. सकाळी काय, दुपारी काय, आणि खाली ठळक अक्षरांत, काय काय बंद.

आता इथे मला माझं सांगायला हवं. बाजारात नवं काहीही सुरू करताना हळदकुंकू लावायची आमची पद्धत आहे. काट्याला लावतो, नवा टेम्पो आला तर चाकाला लावतो. मी रोज सकाळी पूजा करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडून घेण्यासारखं तेवढंच घेतलं. तर तो तक्ता घरी आला तेव्हा माझ्याकडून सवयीने त्याला बोट लागलं. हळद, कुंकू, वर एक फूल, आणि देव्हाऱ्यात ठेवला. तिने ते पाहिलं. हात जोडले आणि म्हणाली, "शेवटचं औषध होईपर्यंत हे पाळीन. भात-भाकरीला शिवणार नाही." आणि मी, शहाणा माणूस, तिला म्हणालो, "देवापुढे बोललीस, आता मोडू नको." एका सेल्समनचा कागद मी माझ्या हाताने नवस करून टाकला.

औषधाने तिच्या तोंडाची चव गेलेली. पावडरीच्या वासाने उलटी येई, अंडं घशाखाली उतरेना, आणि जे उतरलं असतं ते बंद. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. भाऊ फोनवर म्हणे, "बारीक होतेय म्हणजे काम करतंय." तिसऱ्या औषधाच्या वेळी हॉस्पिटलमध्ये वजन केलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आज देता येणार नाही. अंगात ताकद राहिलेली नाही. असंच उतरत गेलं तर पुढचं सगळं थांबवावं लागेल. आम्हाला आहारतज्ज्ञांच्या खोलीत पाठवलं.

तिथे एक तिशीतली बाई होती, डोक्याला ओढणी घेतलेली, रायगडच्या किनाऱ्याकडच्या मुसलमानांतली. तिने विचारलं, "काकी, भाकरी कोणी बंद केली?"

"भावाने."

"भाऊ डॉक्टर आहेत?"

"नाही, त्याचा ग्रुप आहे," ही म्हणाली.

ती बाई हसली नाही. म्हणाली, "साखर गाठीला लागते, खरंय. तुमच्या मेंदूलाही लागते, हृदयालाही लागते. तुम्ही भाकरी सोडलीत म्हणून गाठ उपाशी राहत नाही. शरीर आपलंच मांस मोडतं आणि त्याची साखर करतं. गाठीचं भागतं, काकी. तुमचं भागत नाही. तुम्हाला डाळही हवी, अंडं जाईल तेव्हा अंडंही हवं, आणि भात-भाकरीही हवी, नाहीतर खाल्लेलं प्रोटीन चुलीत गेल्यासारखं जळून जाईल."

मी विचारलं, मग खाण्याने हा आजार होतच नाही का? ती म्हणाली, "एका ताटाने होत नाही, काका. वर्षानुवर्षं गोड पेयं, मैदा, त्यातून सुटलेलं शरीर, याने काही कॅन्सरची शक्यता वाढते. खारवून, धुरावून टिकवलेलं मटण रोजचं असेल तर आतड्याच्या कॅन्सरची वाढते. कोंड्यासकटचं धान्य खाल्लं तर ती जरा कमी होते असं दिसतं. जास्त प्रोटीनचं बरं की वाईट, कशातलं प्रोटीन, कुठल्या वयात, यावर अजून लोक अभ्यास करतायत. शक्यता म्हणतेय मी. काकींनाच का झाला, ते मला माहीत नाही."

आप्पा, तीस वर्षांत या विषयावर बोलताना ‘माहीत नाही’ म्हणणारं हे पहिलं माणूस मला भेटलं. तुमच्या पारावर तिला कोणी बसू दिलं नसतं.

घरी आल्यावर मी भात टाकला, पिठलं केलं, ताट वाढलं. ही ताटाकडे बघत बसली. म्हणाली, "अहो, देवापुढे बोललेय. मोडलं आणि काही झालं तर?" मी तिला ती बाई काय म्हणाली ते पुन्हा सांगितलं. तिला सगळं पटलेलं होतं. तिने मान हलवली आणि ताट सरकवलं. "तुम्हीच म्हणालात ना, मोडू नको." तिच्या मनगटाची हाडं मला दिसत होती आणि तीन आठवड्यांनी पुन्हा वजनकाटा होता. भावाच्या तक्त्याला मी खोटं पाडू शकत होतो. माझ्या हळदकुंकवाला कसं पाडणार?

आपल्याकडे बायकांचं एक चालत आलेलं आहे. एखादी आजारी पडली की तिचा उपास जाऊ किंवा नणंद चालवते. पुरुषाने चालवल्याचं मी ऐकलेलं नाही. मी हातपाय धुऊन आलो, देवापुढे सुपारी ठेवली, तळहातावर पाणी घेतलं आणि म्हणालो, हिने बोललेलं आजपासून माझ्याकडे. हिला मोकळी कर. पाणी सोडलं. तक्ता काढून घडी घातली आणि कचऱ्यात टाकला.

ती म्हणाली, "तुम्ही? परवा लग्नात भात उशिरा आला तर तोंड पाडून बसला होतात."

"राहीन."

"बघू," ती म्हणाली, आणि ताट ओढलं. पहिला घास चावायला तिला फार वेळ लागला. मग म्हणाली, "मीठ जास्त झालंय." मी तिथून उठलो आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिने सगळं ताट संपवलं नाही, पण अर्ध्याच्या वर संपवलं.

भावाचा फोन आला. "दाजी, कार्ब सुरू केलेत म्हणे. आता रिझल्टची गॅरंटी मी घेत नाही." आधी कधी घेतली होती हे मी विचारलं नाही. त्याला म्हणालो, तुझ्या पावडरीचा डबा खाली वॉचमनकडे ठेवलाय, घेऊन जा. तो आला, वॉचमनशी दोन शब्द बोलला आणि वर न येता गेला. तुमच्यातला आणि त्याच्यातला फरक शोधायचा तर एवढाच सापडतो, की तुम्हाला परत जायला दुसरं घर नव्हतं.

वजन थोडं वाढलं. थांबलेलं औषध दिलं गेलं, पुढचंही झालं. मंगळवारी आणखी एक आहे. ती आता दुपारी भाकरी दुधात कुस्करून खाते, संध्याकाळी वरणभात, मध्येच शेंगदाण्याचा लाडू. मी समोर बसून पनीर आणि भाज्या चघळतो आणि ती माझ्याकडे बघून गालात हसते. चांगलं चाललंय असं म्हणायला हरकत नाही.

हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा नाही, म्हणून पुढचं लिहून टाकतो. थांबलेलं औषध दिलं त्याच्या पाचव्या दिवशी, ऐन दुपारी, बाजाराच्या फाटकाजवळच्या टपरीवर मी मिसळ घेतली. पाव नको असं सांगायला तोंड उघडलं आणि पावासकट सांगितली. दोन दिवसांनी हिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, औषधाने रक्तातल्या पेशी कमी होतात, त्याने येतो, बऱ्याच जणांना येतो. मला ते समजतं. तरीही ती तापात पडलेली असताना मी तिच्या उशाशी बसून ते पाव मोजत होतो. ताप उतरला. तिला मी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती पोट धरून हसेल किंवा पुन्हा ताट बाजूला सारेल, आणि या दोन्हींतलं काय होईल याचा मला अंदाज नाही. देवाला सांगायची गरज नाही. जिला सांगता येईल ती हॉस्पिटलातली बाई म्हणेल, काका, पावाचा आणि तापाचा काही संबंध नाही, आणि ते मला ऐकायचं नाही. हे ऐकून खरोखर चिडेल, शिव्या घालेल, असं माणूस तुमच्याशिवाय माझ्या ओळखीत कोणी उरलेलं नाही.

तीन पाव खाल्ले, आप्पा. भूक लागली होती.