रुद्रप्पांना शिकवलेलं जर्मन

६ एप्रिल १९३७

बोलून बसलो! गिरणीच्या रंगखात्यातले रुद्रप्पा रंगकाम शिकायला जर्मनीला निघालेत — तेही विमानानं! नवी पेठेत चारचौघांत म्हणालो, "जर्मन ना? मी शिकवतो की!" कॉलेजात वर्षभर जर्मन होतं, त्यातही नापास. घरी प्रवाशांसाठीचं एक पुस्तक आहे, त्यात विमानाचं प्रकरण. त्याच्या जिवावर सगळा डौल.

११ एप्रिल

शिकवणी झक्क चाललीय. 'वो इस्ट माइन प्लाट्स?' — माझी जागा कुठं? 'वान फ्लीगेन वीर आप?' — विमान कधी सुटणार? रुद्रप्पा तारस्वरात घोकतात. त्यांची बायको सिद्धम्मा आतून ओरडते, "अवो हळू, शेजारी काय म्हनतील!" निघताना तिनं शेंगाची चटणी बांधून दिली. ऐटीत घेतली.

१९ एप्रिल

आज रुद्रप्पांनी सदऱ्याखालची चांदीची डबी पुढं धरली. आत इष्टलिंग. लहानपणापासून गळ्यात आहे, मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही.

"मास्तर, कुनी काढा म्हनलं तर? 'हा माजा देव हाय, हात लावू नगा' — एवडं जर्मनीत सांगा की."

पुस्तकात देव कुठला! येत नाही म्हणून मोकळं व्हावं, तर सिद्धम्मा दारात हात जोडून उभी. जीभ रेटेना. गंभीर चेहरा करून सांगितलं — 'दास इस्ट माइन गेपेक.'

म्हणजे, हे माझं सामान आहे.

दोघांनी पाठ केलं. डबीला हात लावून!

२० एप्रिल

लाज वाटते. जेवण गेलं नाही. उद्या सांगतोच.

२१ एप्रिल

नाही सांगितलं.

३ मे

स्टेशनवर हारतुरे. रुद्रप्पा माझ्याहून वयानं मोठे, तरी पाया पडले! "तुमच्या वाक्यावर भरवसा हाय बगा." गाडी सुटायला वेळ होता. दोन शब्द बोलता आले असते. मी त्यांच्या गळ्यातला हार सारखा करत बसलो. नालायक!

८ जून

सिद्धम्मा आली. रुद्रप्पा परत आलेत — बोटीनं, अर्ध्या वाटेवरून.

अथेन्सला विमान बदलून जर्मन विमानात बसायचं होतं. तिथं माणसं आणि सामान, दोन्ही तोलून घेतात. तोलणाऱ्यानं डबीकडं बोट केलं. रुद्रप्पांनी वाक्य म्हटलं. तो हसला, सामानाच्या ताजव्याकडं हात केला — ठेवा मग त्यात! यांनी पुन्हा म्हटलं. त्यानं पुन्हा हात केला.

"मुठीत धरून भाईर आले. इमान गेलं. पुडं जायचा धीरच झाला न्हाय वो."

गिरणी आता दुसऱ्या कुणाला धाडणार. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही.

१० जून

रुद्रप्पा स्वतः आले. मान खाली.

"तुमी शिकिवलं तेच बोललो, मास्तर. माज्याच तोंडातनं नीट आलं नसंल."

मी म्हणालो, "हो. सराव कमी पडला तुमचा."